आपल्या बोलीतला आरजे चालेल का?

रात्री नऊच्या सुमाराला हॉस्टेलच्या गॅलरीत एक चक्कर मारा. घरून आलेला फोन कानाला लावून कुणी ना कुणी कोपऱ्यात उभं असतं. आवाज एकदम खालचा. खोलीत मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ फाडफाड बोलणारा हाच मुलगा आईशी मात्र पावरीत बोलतो, मावचीत बोलतो, गोंडीत बोलतो. फोन ठेवून आत आला की भाषा परत बदलते. रूममेटने विचारलंच, ‘कुठली भाषा रे ही?’ तर उत्तर ठरलेलं, ‘काही नाही, आमच्याकडची आहे एक.’

आता कल्पना करा, तीच भाषा सकाळी साडेसातला एफएमवर लागलीय. आरजे थट्टामस्करी करतोय, बाजारात आज मिरचीला काय भाव मिळाला ते सांगतोय, बारावीच्या निकालाची तारीख सांगतोय. ऐकायला भारी वाटतं ना? पण लगेच पुढचा प्रश्न येतो आणि तो चुकीचा नाही. हे चालेल का? स्टेशनचा खर्च कोण काढणार?

हा प्रश्न हवेतला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम चॅनल्सच्या लिलावाला मंजुरी दिली. मोठ्या शहरांपलीकडे, जिथे खासगी एफएम पोचलंच नव्हतं अशी ही गावं. महाराष्ट्रातली नंदुरबार, मालेगाव, चंद्रपूर, यवतमाळ ही नावं त्यात आहेत. मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना यामुळे बळ मिळेल, असं सरकारने तेव्हा सांगितलं. पण बळ मिळणं आणि बिल भरणं यात फरक आहे. पैसे गुंतवणारा माणूस साधा हिशेब करतो. ऐकणारे थोडे, त्यांच्या खिशात पैसा कमी, जाहिरातदार येणार नाहीत. त्यापेक्षा सरळ हिंदी हिट्स वाजवा, मुंबईतून तयार कार्यक्रम आणा आणि मधे शहराचं नाव घ्या, झालं काम!

हा हिशेब बरोबर आहे का? तो पडताळायला आपल्याला थोडं लांब, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जावं लागेल.

बुडत्या स्टेशनला शिक्षक भेटला

१९४७ साली मेम्फिसमध्ये डब्ल्यूडीआयए नावाचं रेडिओ स्टेशन सुरू झालं. बर्ट फर्ग्युसन आणि जॉन पेपर हे दोघं मालक, दोघंही गोरे. इतर स्टेशनं जे वाजवत होती तेच हेही वाजवायचे. परिणाम काय होणार? स्टेशन चालेना. त्या शहरात साधारण ४० टक्के लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्यासाठी रेडिओवर जवळपास काहीच नव्हतं. वर्णभेद कायद्यानेच चालत होता तो काळ. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या.

ऑक्टोबर १९४८ मध्ये मालकांनी नॅट डी. विल्यम्स या कृष्णवर्णीय शिक्षकाला माइकसमोर बसवलं. तो शाळेत इतिहास शिकवायचा, वर्तमानपत्रात सदर लिहायचा आणि रेडिओवर आल्यावरही त्याने शाळा सोडली नाही. धमक्या आल्या. काही जाहिरातदार बिचकले. पण श्रोत्यांचा प्रतिसाद असा होता की १९४९ मध्ये मालकांनी अख्खं स्टेशनच कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या नावे करून टाकलं. बघता बघता ते शहरातलं आघाडीचं स्टेशन झालं. १९५४ मध्ये त्याला ५० हजार वॅटचा ट्रान्समीटर मिळाला आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकसंख्येचा सुमारे दहावा हिस्सा त्याच्या टप्प्यात आला. तिथे एका टॉनिकची जाहिरात गाणारा पोरगा पुढे बी. बी. किंग म्हणून जगभर गाजला.

आता यातली गंमत बघा. ते ४० टक्के लोक १९४७ मध्येही त्याच शहरात राहत होते. त्यांना पीठ लागत होतं, साबण लागत होता, कपडे लागत होते. म्हणजे बाजार आधीपासून होता. फक्त त्यांना गिऱ्हाईक म्हणून कुणी मोजलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. डब्ल्यूडीआयए नुसती गाणी वाजवत नव्हतं. हरवलेल्या माणसांच्या सूचना, नोकरीच्या जागा, चर्चचे कार्यक्रम, मदतीची हाक, सगळं तिथून जायचं. गरजू मुलांसाठी स्टेशनने निधी उभा केला. लोकांचं रोजचं काम त्या रेडिओवाचून अडायला लागलं, म्हणून लोक टिकले. मात्र मालक गोरेच राहिले. कृष्णवर्णीय मालकीचं अमेरिकेतलं पहिलं स्टेशन, अटलांटाचं डब्ल्यूईआरडी, १९४९ मध्ये जेसी ब्लेटन यांनी घेतलं. ते हिशेब शिकवणारे प्राध्यापक होते. आकडे वाचता येणाऱ्या माणसाने ही उडी घेतली, हे लक्षात ठेवा.

नंबर वन असूनही

मग सगळं छान झालं का? नाही. आपल्या उत्साहाला इथेच थोडा ब्रेक लावायला हवा.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने करून घेतलेला एक अहवाल १९९९ मध्ये आला. अल्पसंख्य समाजांसाठीची स्टेशनं श्रोत्यांच्या संख्येत पुढे असूनही, तेवढ्याच श्रोत्यांमागे त्यांना इतरांपेक्षा कमी पैसे मिळतात, असं त्यात दिसलं. ‘कृष्णवर्णीयांच्या किंवा स्पॅनिश स्टेशनवर जाहिरात देऊ नका’ अशा सूचनाच काही कंपन्या जाहिरात एजन्सींना देत होत्या. आमचं गिऱ्हाईक तिथे नाही, हा समज. जाहिरातींच्या करारात असा भेदभाव चालणार नाही, असा नियम करायला २००७ साल उजाडावं लागलं.

त्यापाठोपाठ मोजणीचं भांडण. आर्बिट्रॉन ही कंपनी श्रोते मोजायची. तिने नवं यंत्र आणलं आणि कृष्णवर्णीय व स्पॅनिश स्टेशनांचे आकडे धाडकन खाली आले. नमुन्यात त्या समाजातली माणसंच पुरेशी घेतलेली नाहीत, अशी तक्रार झाली. २००८ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यूजर्सी या राज्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं. पुढच्या वर्षी कंपनीने तडजोड केली आणि नमुना सुधारायचं कबूल केलं.

ब्रिटनमध्येही असाच चढउतार आहे. १९८९ मध्ये पश्चिम लंडनमध्ये सनराइज रेडिओ सुरू झाला, दक्षिण आशियाई लोकांसाठी. साउथॉलच्या दुकानदारांना आपलं गिऱ्हाईक कुठे बसलंय ते पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे जाहिराती मिळाल्या. तरीही २०१४ मध्ये कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि स्टेशन नव्या मालकाकडे गेलं. बीबीसीने तर २०१० मध्ये आपलं एशियन नेटवर्क बंद करायचाच प्रस्ताव मांडला होता. विरोध झाला आणि तो मागे पडला.

तेव्हा ‘आपली भाषा लावली की स्टेशन आपोआप चालतं’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण ‘आपल्या भाषेचं स्टेशन चालूच शकत नाही’ हेही तितकंच खोटं आहे.

थोडे म्हणजे किती थोडे?

आता घरी येऊ. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटी चार लाख आहेत. काश्मिरी बोलणारे त्याच जनगणनेत सुमारे ६८ लाख. गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख, म्हणजे सिंधी किंवा नेपाळी बोलणाऱ्यांपेक्षा जास्त. काश्मिरी, सिंधी, नेपाळी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. भिली, गोंडी नाहीत. अल्पसंख्य म्हणजे देशाच्या नकाशावर कमी. गावच्या बाजारात उभं राहिलात तर हीच माणसं बहुसंख्य असतात. रेडिओचा मनोरा देशाच्या नकाशावर नसतो, तो गावच्या टेकडीवर असतो.

मालेगाव घ्या. उर्दू बोलणारं, यंत्रमागाचं शहर. इथल्या पोरांनी किरकोळ पैशांत स्वतःचे सिनेमे काढले, गावातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये लावले आणि गावाने तिकीट काढून पाहिले. ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये आला तो याच गोष्टीवर. ज्या शहरातला मजूर आपल्या बोलीतल्या सिनेमासाठी खिशात हात घालतो, तिथे आपल्या बोलीतल्या रेडिओला गिऱ्हाईक नाही, असं कोण म्हणेल?

नंदुरबारचं गणित जरा अवघड आहे. जिल्ह्यात एकच बोली नाही. धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची, शहरात अहिराणी आणि गुजरातीही. शिवाय एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि सातपुडा त्यांना आडवा येतो. शहरातला मनोरा डोंगरापलीकडच्या पाड्यावर ऐकू येईलच असं नाही. म्हणजे एकच मोठं स्टेशन सगळ्यांना पुरणार नाही.

मोजणीचं म्हणाल तर आपल्याकडे रेडिओच्या श्रोत्यांची ‘रॅम’ ही मोजणी सुरू झाली ती मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता या चार महानगरांपुरती. धडगावच्या श्रोत्याला विचारतं कोण? आणि ज्याला मोजलंच नाही, त्याच्यासाठी मोठी कंपनी जाहिरात देणार नाही. त्यामुळे या स्टेशनांनी मुंबईच्या एजन्सीची वाट बघू नये. त्यांचे जाहिरातदार वेगळे आहेत. बियाण्यांचं दुकान, मोबाइल रिपेअरवाला, क्लासवाले, लग्नाचा बँड, कापड दुकान. यांना श्रोत्यांच्या आकड्यांचा तक्ता लागत नाही. सकाळी जाहिरात लागली आणि दुपारी दोन गिऱ्हाईकं आली, की त्यांना कळतं.

दुसरी वाट

खासगी एफएमच्या पलीकडे एक दुसरी वाट आहे. कम्युनिटी रेडिओ. ट्रान्समीटर छोटा, १०० वॅटचा, ऐकू येतो दहा-पंधरा किलोमीटर. लिलाव नाही. नफ्यासाठी चालवता येत नाही आणि निम्मे कार्यक्रम तरी स्थानिकच असावे लागतात. २००८ पासून तेलंगणात संघम रेडिओ दलित स्त्रिया चालवतात. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग त्याच वर्षी सुरू झाला. २०२४ मध्ये सरकारने कम्युनिटी रेडिओला तासाला सातऐवजी बारा मिनिटं जाहिरातींची मुभा दिली आणि जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये केला. यात कुणी श्रीमंत होणार नाही. पण नीट चालवलं तर दोन-चार पोरांचा पगार निघण्याची शक्यता तयार होते.

काही जण म्हणतील, आता रेडिओ ऐकतं कोण? सगळं तर फोनवर आहे. खरंय. पण रेडिओला रिचार्ज लागत नाही, रेंज लागत नाही, वाचता यावं लागत नाही. शेतात काम करणाऱ्या आजीला ॲप उघडून द्यायला तुम्ही घरी नसता. आणि फोन हा काही शत्रू नाही. सीजीनेट स्वराने २०१० पासून छत्तीसगडमध्ये साध्या मोबाइलवरून लोकांना आपल्या बोलीत बातमी सांगायला आणि ऐकायला लावलं. रेडिओचाच कार्यक्रम कापून रील करता येतो. उसतोडीला गुजरातेत गेलेल्या मोठ्या भावापर्यंत तो पोचतोही.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे खरं. पण परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, हवामान, वाहतूक, पाणी-वीज यांची माहिती देता येते. मेम्फिसने नेमकं हेच केलं होतं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. अशी स्टेशनं चालू शकतात, पण तीन अटींवर. लोकांचं रोजचं काम त्यांनी केलं पाहिजे. पैसा आधी गावच्या बाजारातून उभा केला पाहिजे. आणि माइकसमोरच नाही, तर हिशेबाच्या वहीसमोरही त्याच समाजातलं माणूस बसलं पाहिजे. सरकारनेही नुसता लिलाव करून मोकळं होऊ नये. जनतेच्या पैशातून जाणाऱ्या सरकारी जाहिराती छोट्या बोलींच्या स्टेशनांना वेळेवर आणि नियमाने मिळाल्या पाहिजेत, आणि श्रोत्यांची मोजणी महानगरांबाहेर गेली पाहिजे.

आता तुमचा वाटा. कम्युनिटी रेडिओसाठी मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था अर्ज करू शकते. म्हणजे तुमचं कॉलेजसुद्धा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन हे विचारायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. मास मीडियाची मुलं, इलेक्ट्रॉनिक्सची मुलं, कॉमर्सची मुलं, तिघांनाही यात काम आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम त्याचं आहे, जो रात्री गॅलरीत हळू आवाजात बोलतो. त्याच्या सीव्हीत भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी असं लिहिलेलं असतं. चौथी भाषा त्याने लिहिलेलीच नसते.

आज रात्री त्याचा फोन झाला की त्याला विचारा, ‘काय बोलत होतास? मलाही सांग ना.’ एका श्रोत्याची मोजणी तिथून सुरू होईल.