कठिनता पाठ करू नका, ओरखडा काढून पाहा

शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्ल्युओराइट, ॲपेटाइट, फेल्स्पार, क्वॉर्ट्झ, पुष्कराज, कुरुविंद आणि हिरा ही दहा नावे तुमच्यापैकी पुष्कळांना क्रमाने पाठ असतील. पाठांतराला माझा विरोध नाही. परंतु महाविद्यालयात आलेल्या मुलांच्या हाती दोन खडे देऊन ‘यातला अधिक कठीण कोणता?’ असे मी विचारतो, तेव्हा बहुतेक जण खड्यांकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहतात!

फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली ही श्रेणी मांडली, ती हाताने वापरण्यासाठी. जो ओरखडा काढतो तो अधिक कठीण, ज्यावर तो पडतो तो कमी कठीण, एवढीच तिच्यामागची कल्पना. आपले नख सुमारे २.५, तांब्याचा तुकडा ३, काच आणि चाकूचे पाते साधारण ५.५. आसगावच्या विद्यार्थ्याला वैनगंगेच्या वाळूत गारगोटीचा खडा फुकट मिळेल. गारगोटी म्हणजे क्वॉर्ट्झच. तिचा क्रमांक ७, म्हणून ती काचेवर सहज रेघ पाडते.

मात्र रेघ दिसली की लगेच वहीत लिहू नका. ओल्या बोटाने ती पुसून पाहा. फळ्यावर खडूने लिहावे त्याप्रमाणे मऊ खडा कठीण खड्यावर आपलीच भुकटी सोडतो. रेघ पुसली गेली तर तो ओरखडा नव्हेच. नंतर खड्यांची अदलाबदल करून पुन्हा पाहा. खड्याची बाजू ताजी फुटलेली हवी, कारण ऊनपाऊस खाल्लेली साल पुष्कळदा आतल्या खनिजापेक्षा मऊ असते.

आता या आकड्यांविषयी. कवायतीला मुले उंचीप्रमाणे उभी केली, तर दहावा मुलगा पाचव्याच्या दुप्पट उंच असतो काय? मोसचे आकडेही तसेच, केवळ रांगेतले क्रमांक. कुरुविंद ९ आणि हिरा १०. पण टोकदार हिरा ठराविक भाराने दाबून पडणारी खूण मोजली, तर हिरा कुरुविंदाच्या तीन-चारपट कठीण ठरतो.

शिवाय प्रत्येक खनिजाचा क्रमांक तरी एकच असतो का? याचे उत्तर आपल्याच भंडारा जिल्ह्यात आहे. साकोली-लाखनी भागात कायनाइट सापडते. भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटांसाठी ते वापरतात. पात्यांसारखे लांबट, निळसर स्फटिक स्पष्ट दिसतील असा तुकडा घ्या. पात्याच्या लांबीच्या दिशेने चाकूचे टोक ओढा: ओरखडा पडेल, कारण तेथे कठिनता ४.५ ते ५ आहे. आता आडवे ओढा: तेथे ती ६.५ ते ७, चाकूचे काही चालत नाही! स्फटिकात ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या अणूंच्या साखळ्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे सर्व दिशांना बळ सारखे नसते. कायनाइटचे जुने नाव ‘डिस्थीन’, म्हणजे ‘दोन बळांचा’, यावरूनच पडले. (चाकू शिक्षकांसमोरच वापरा. स्फटिकाच्या कपच्या बोचतात, त्या डोळ्यांपासून दूर ठेवा.)

माझी खरी तक्रार येथेच आहे. प्रयोगवहीत ‘कठिनता’ असा एकच रकाना असतो. समजा, कायनाइटसाठी एका मुलीने ५ लिहिले आणि दुसरीने ७, तर एकीच्या उत्तरावर लाल रेघ बसणार. वास्तविक दोघींचीही निरीक्षणे बरोबर आहेत. चुकला आहे तो रकाना. ‘कशाने ओरखडले’ आणि ‘कोणत्या दिशेने’ असे आणखी दोन रकाने आखायला एक पट्टी आणि दोन मिनिटे पुरतात. शिक्षकांनी एवढे जरूर करावे.

यावर ‘ओरखडे काढून नमुने खराब होतात’ असे काही शिक्षक म्हणतील. होऊ द्यावेत! विकत आणलेली खनिजांची पेटी कुलूपबंद कपाटात वर्षानुवर्षे चकचकीत राहण्यापेक्षा पाचपन्नास मुलांनी ओरखडलेला एक खडा मला अधिक मोलाचा वाटतो. पुष्कराज आणि हिरा नसले तरी अडत नाही. गारगोटी, काचेचा तुकडा, तांब्याची पट्टी आणि चाकू एका डब्यात जमवा. साकोलीकडे कोणी जाणार असेल तर कायनाइटचा तुकडा मिळतो का ते त्यांना पाहायला सांगा. तो आला की आधी लांबीच्या दिशेने चाकू ओढा, मग आडवा.