बालकाची मात्रा आणि अपक्व वृक्क

बालकांसाठी मात्रा ठरवताना प्रौढ मात्रेचे वजनानुसार भाग पाडण्याची प्रथा आपल्या व्यवसायात रूढ आहे. काही औषधांच्या वेष्टनांवर तर ‘लहान मुलांना अर्धी मात्रा’ एवढाच मजकूर असतो. ही प्रथा शास्त्रसंमत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. पूर्ण दिवसांच्या अर्भकाच्या वजनात सुमारे ७५ टक्के जलांश असतो. वर्षअखेरीस तो ६० टक्क्यांच्या आसपास येतो. मानवी गर्भात वृक्काच्या घटकांची निर्मिती सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते, परंतु त्यांचे कार्य जन्मानंतरच परिपक्व होत जाते. शरीराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात पाहिले तरी नवजाताची गाळणक्षमता प्रौढाच्या पाव भागाहूनही कमी असते. पहिल्या दोन आठवड्यांत ती जवळजवळ दुप्पट होते व एक ते दोन वर्षांत प्रौढाच्या पातळीस पोहोचते. मूत्र घट्ट करण्याची शक्तीही आरंभी प्रौढाच्या निम्मीच असते. म्हणून अतिसारात किंवा उष्म्यात अर्भक लवकर शुष्क होते. आणि वरचे पाणी अधिक पाजल्यास ते वेगाने बाहेर टाकता न आल्याने रक्तातील सोडियम घटून आक्षेपही येऊ शकतात.

प्राणिसृष्टीत हा क्रम सर्वत्र सारखा नाही. उंदराच्या पिलात वृक्कघटकांची निर्मिती जन्मानंतरही काही दिवस चालू असते. त्यामुळे प्रौढ उंदरांवरील विषाक्तता-परीक्षणातून बालवृक्काविषयी पुरेसा बोध होत नाही. आधुनिक औषधांसाठी अल्पवयीन प्राण्यांवरील परीक्षणाची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०२० मध्ये स्वीकारली गेली, ती याच कारणासाठी.

आपल्या आचार्यांनी वयाचे हे भान फार पूर्वी ठेवले होते. काश्यपांनी जातमात्र बालकास वावडिंगाच्या फळाएवढी मात्रा सांगून ती महिन्यागणिक वाढवली. शार्ङ्गधरांनी पहिल्या महिन्यात एक गुंज, पुढे वर्षापर्यंत दरमहा एक गुंज वाढ सांगितली. सुश्रुतांनी क्षीरपाच्या औषधयोजनेत धात्रीलाही औषध दिले आणि कषायादी कल्प अन्नाद बालकासाठी ठेवले. या क्रमामागील सावधगिरी वृक्काच्या परिपक्वतेशी सुसंगत आहे. मग ‘अर्धी मात्रा’ कोणत्या ग्रंथातून आली?

मराठवाड्याच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी तान्ह्या बाळाला पाणी, गुटी, काढा पाजू लागतात. मातेच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असून क्षारांचा भार अल्प असतो. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही तेवढे पुरते. हे समजावण्यास वैद्याइतकी विश्वासाची व्यक्ती दुसरी नाही.

औषधनिर्मात्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात डायएथिलीन ग्लायकॉलने दूषित खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक बालके वृक्क निकामी होऊन दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित ग्लिसरीनने १४ बळी घेतले होते. ती औषधे आयुर्वेदीय नव्हती, हे खरे. परंतु आपल्या सिरपांतही ग्लिसरीन वापरले जाते आणि विष चिकित्सापद्धती विचारून येत नाही.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : वेष्टनावर महिने व वर्षे यांनुसार मात्रा छापावी, क्षीरप बालकासाठी योग्यता ठरलेली नसल्यास तसे स्पष्ट लिहावे, ग्लिसरीनचा प्रत्येक साठा वापरापूर्वी तपासून घ्यावा. रसकल्प वैद्याच्या चिठ्ठीविना बालकासाठी देऊ नयेत. वैद्यांनी प्रत्येक अर्भकाचे वजन आणि मूत्रप्रवृत्तीची संख्या केसपेपरवर नोंदवावी. दिवसात सहापेक्षा कमी वेळा मूत्रप्रवृत्ती, सुकलेले तोंड, खोल गेलेली टाळू किंवा सुस्ती दिसताच औषध बदलत न बसता बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. यात आपल्या शास्त्राचा कमीपणा नाही; बालरक्षण हे कौमारभृत्याचे पहिलेच प्रयोजन आहे.