दहापैकी दहा गुण, पण कोणाला?

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाची पहिली अट ठरलेली असते : ‘शाळा चांगली हवी.’ चांगली म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही. घरांच्या जाहिरातीत शाळेच्या नावापुढे दहापैकी किती, तो आकडा छापलेलाच असतो. कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो परिसरात मॉन्टा व्हिस्टा किंवा लिनब्रुक हायस्कूलच्या हद्दीतल्या जुन्यापुराण्या घरालाही लोक जो भाव मोजतात, तो त्या हद्दीचा असतो.

माझ्या मते हा आकडा शाळेपेक्षा पालकांचीच परीक्षा घेतो. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला आहे, हे जेम्स कोलमन यांच्या अहवालाने १९६६ सालीच दाखवलं होतं. मॉन्टा व्हिस्टात आशियाई मुलं बहुसंख्य आहेत. त्यांतल्या अनेकांचे आईबाप एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे पदवीच्या चाळणीतून गाळून इथे आलेले. संध्याकाळी मुलं खासगी क्लासला जातात. एवढं सगळं घरून घेऊन आलेल्या मुलाने गणितात बाजी मारली, की श्रेय मात्र शाळेला.

याच सिलिकॉन व्हॅलीत, मोटारीने अर्ध्या तासावर, ईस्ट सॅन होजेच्या सरकारी शाळा आहेत. तिथे लॅटिनो आणि व्हिएतनामी मुलं जास्त. अनेकांचे पालक आपल्याच ऑफिसांची साफसफाई करतात, हॉटेलांच्या मुदपाकखान्यात राबतात. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला चार वर्षांत बीजगणितापर्यंत नेणारी शिक्षिका तिथेही आहे. तिच्या शाळेचा आकडा मात्र आपण पाहतो आणि पुढचं घर बघायला निघतो.

मॉन्टा व्हिस्टा आणि लिनब्रुकमधून गोरी कुटुंबं काढता पाय घेत आहेत, कारण त्यांना त्या शाळा फार अभ्यासू आणि फार आशियाई वाटतात, अशी बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २००५ साली दिली होती. ती वाचून आपला संताप होतो. पण ईस्ट सॅन होजेकडे पाठ फिरवताना आपण वेगळं काय करतो?

शिवाय यात पैशाचं चक्र आहे. मालमत्ता कर राज्याने ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त जमला, तर कॅलिफोर्नियातला स्कूल डिस्ट्रिक्ट वरची रक्कम स्वतःकडे ठेवतो. या दोन्ही शाळा चालवणारा फ्रेमाँट युनियन अशांपैकीच. म्हणजे आकड्याने घरं महागतात आणि महागड्या घरांच्या करावर शाळा पोसली जाते. आता तर लहान मुलं असलेल्या जोडप्यांनाच ती घरं परवडेनाशी झाली आहेत. क्युपर्टिनो परिसरात पटसंख्या घसरून २०२२ मध्ये काही प्राथमिक शाळांना टाळं लागलं, त्यामागे हेही एक कारण आहे.

‘मग आम्ही आमच्या मुलांचं भलं बघू नये का?’ जरूर बघावं. पण कोलमन यांचं म्हणणं खरं मानलं, तर सुशिक्षित घरातलं मूल बहुतेक शाळांत तरून जातं. ज्यासाठी तीस वर्षांचं कर्ज काढायचं, ते बरंचसं आपल्या घरात आधीपासूनच आहे. शाळेत गेल्यावर एवढंच विचारावं : इथे मूल वर्षभरात किती पुढे जातं, आणि शिक्षक किती वर्षं टिकतात? याची उत्तरं त्या दहाच्या एकट्या आकड्यावरून नीट कळत नाहीत.