त्याचं वकीलपत्र मी का घेतलं?

जुम्म्याची नमाज संपली. बाहेर चपला घालत होतो, तेवढ्यात ओळखीच्या एका चाचांनी मला बाजूला घेतलं. "वकीलसाहेब, आपल्यातले असून तुम्ही त्या मुलाचं वकीलपत्र घेतलंत?" आवाजात रागापेक्षा दुखावलेपण जास्त होतं. तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे देतोय.

तो मुलगा म्हणजे पुनावळ्यात भाड्याच्या खोलीत राहणारा, मराठवाड्यातून आलेला कंत्राटी कामगार. कंपनीच्या बसने रोज चाकणला जायचा. त्याच्या ओळखीचं याहून जास्त काही सांगणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मजकूर त्याने स्टेटसला ठेवला, असा आरोप आहे. मजकूर आपल्या पैगंबरांविषयी होता आणि घाणेरडा होता. कागदपत्रांत वाचताना माझंही रक्त तापलं. तक्रार झाली, भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली गुन्हा नोंदला गेला आणि रात्री त्याला खोलीतून नेलं. सकाळी त्याची आई रात्रभर एसटीत बसून थेट पिंपरीच्या न्यायालयात आली. कुणीतरी तिला माझ्या टेबलाशी पाठवलं. माझं नाव ऐकल्यावर ती क्षणभर थांबली. मीही थांबलो. मग वकीलपत्रावर सही घेतली.

आता कायद्याचं बोलू. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं 295-अ आता 299 झालं, जुनं 153-अ आता 196. धर्मभावना दुखावणं आणि गटागटांत तेढ वाढवणं, ही ती दोन कलमं. आकडे बदलले, धार तीच राहिली. दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत, म्हणून पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पण करू शकतात म्हणजे केलीच पाहिजे असं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं. अटक गरजेची नसेल तर नवीन संहितेच्या कलम 35(3) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची. मार्च 2025 मध्ये इमरान प्रतापगढी प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या अशा गुन्ह्यांत एफआयआरआधी कलम 173(3) ची प्राथमिक चौकशी करणं योग्य. ती 14 दिवसांत संपवायची असते.

माझ्या अशिलाला नोटीस मिळाली नव्हती. अटकेच्या कागदावर कलमांचे आकडे होते, कारणं नव्हती. मी तेवढंच न्यायालयापुढे मांडलं. मजकुराचं समर्थन केलं नाही, करणारही नाही. त्याला जामीन मिळाला. तो दोषी आहे की नाही, ते खटला ठरवेल.

चाचांचा खरा प्रश्न पुढचा होता. "त्यांच्यासाठी वकील आहेत, पुढारी आहेत, मोर्चे निघतात. आपल्या पोरांसाठी कोण उभं राहतं?" हा प्रश्न खोटा नाही. पारडं सारखं नाही, हे मी रोज न्यायालयात बघतो. पण म्हणूनच मला तो नियम पक्का हवा आहे.

मे 2025 आठवा. पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या 19 वर्षांच्या एका मुलीने इन्स्टाग्रामवर ऑपरेशन सिंदूरबद्दलची एक पोस्ट पुढे पाठवली. थोड्याच वेळात ती काढून माफीही मागितली. तरी अटक झाली, कॉलेजनेही काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने 27 मे रोजी सरकारला खडसावत तिला जामिनावर सोडलं आणि परीक्षेचा रस्ता मोकळा केला. तेव्हा आपल्या ग्रुपवर आपण काय लिहीत होतो? पोस्टसाठी तुरुंग कशाला, नोटीस देता आली नसती का? मग तोच प्रश्न चाकणच्या बसमधल्या मुलासाठी विचारला तर गद्दारी कशी होते?

दुसरं उदाहरण याहून टोचणारं आहे. अटकेची कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी दिली पाहिजेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2025 रोजी दिला. तो कुणाच्या खटल्यात? वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातल्या आरोपीच्या. त्या आरोपीबद्दल कुणाला माया वाटत नव्हती. पण त्याच्या वकिलांनी मांडलेल्या मुद्द्यामुळे आज भंगारच्या गाडीवर काम करणाऱ्या पोराला मराठीत किंवा उर्दूत कारणं मागता येतात. हक्क बऱ्याचदा असेच, नावडत्या आरोपींच्या खटल्यांतून मिळतात.

7/11 च्या खटल्यात उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तोवर 19 वर्षं गेली होती आणि एक जण कैदेतच कोविडने वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. या आरोपींचं काम सुरुवातीला करणारे शाहिद आझमी 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यात स्वतःच्या कार्यालयात मारले गेले. आणि उच्च न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभे राहिलेल्यांत युग मोहित चौधरी, एस. मुरलीधर, नित्या रामकृष्णन होते. त्यांना कुणी विचारलं असेलच, 'आपल्यातले असून?'

मग मोहसीन शेखचं काय? 2 जून 2014 ला हडपसरमध्ये त्याला जमावाने मारलं. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात आरोपी पुराव्याअभावी सुटले. ती जखम माझीही आहे. पण आरोपींना वकील मिळाला, ही त्यातली चूक नव्हती. सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही, ती चूक होती. आज समुदाय, जात, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी कलम 103(2) वेगळं आहे, फाशी किंवा जन्मठेपेचं. तपास नीट झाला नाही तर तेही कागदावरच राहील. आपला आग्रह तिथे हवा: चांगला तपास, साक्षीदारांना संरक्षण, खमका सरकारी वकील.

नवीन कायद्यात आपण सगळ्यांनी मिळून विरोध करावा असंही आहे. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या 15 दिवसांतच संपायची. आता कलम 187 प्रमाणे ते 15 दिवस तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत मागता येतात. कोठडीची टांगती तलवार लांबते आणि जामीनही लांबू शकतो. ती तलवार नाव बघून टांगलेली नाही.

तेव्हा घरात कुणाला पोलिसांनी नेलं, तर नगरसेवकाला फोन करण्याआधी वकिलाला करा. नोटीस दिली होती का, कारणं लेखी दिली का, नातेवाइकांना कळवलं का, मोबाइल जप्त करताना चित्रीकरण झालं का, हे विचारा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम 38 देतं. पैसे नसतील तर 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि बारावीनंतर काय करावं असा विचार चालू असेल, तर कायद्याचाही विचार करा. फौजदारी बाजूला माणसं कमी पडतात.

चाचा, त्या बाईने जाताना पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी ती खाल्ली. पुढच्या तारखेलाही मी त्या मुलाच्या बाजूने उभा राहीन. उद्या रात्री तुमच्या नातवासाठी फोन आला, तर त्याच कलमांच्या आधाराने त्याच्या बाजूनेही उभा राहीन.