वेदना खरी आहे, म्हणूनच संमोहन

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. नागीण होऊन गेली, फोड वाळले, खपल्या पडल्या. आग मात्र मागे राहिली. बरगडीवरून पदर नुसता सरकला तरी त्या दात आवळतात. पंख्याचा वारासुद्धा सोसवत नाही. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिन या गोळीने थोडा उतार पडला, पण डोस वाढवला की चक्कर येते, आणि चाळीचा लाकडी जिना चक्कर येणाऱ्या माणसाचा नव्हे. त्यांच्या डॉक्टरांनीच संमोहनोपचाराचं नाव काढलं, तेव्हा गॅलरीत जे बोललं गेलं त्याचा हा प्रतिवाद.

पहिला आक्षेप असा, की ही मोहिनीविद्या आहे. शुद्ध हरपते आणि माणूस दुसऱ्याच्या मुठीत जातो. हा समज रंगमंचावरच्या खेळांनी पोसला. तो मोडून काढणारा माणूस मात्र आपल्या शेजारचाच होता. आबे फारिया, जन्म १७५६, गाव गोव्यातलं कांदोळी. १८१३ पासून तो पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करत होता. मेस्मर नावाच्या डॉक्टरचे अनुयायी तेव्हा सांगत, की उपचार करणाऱ्याकडून रुग्णाकडे एक चुंबकी द्रव वाहतो. फारियाने ठणकावून सांगितलं, असं काही वाहत नाही. जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं. पणजीत १९४५ साली उभारलेल्या त्याच्या पुतळ्यात तो हात पसरून एका बाईवर झुकलेला दिसतो. रामचंद्र पांडुरंग कामतांचं हे शिल्प देखणं आहे, पण पाहणाऱ्याला वाटतं की सगळी करामत त्या हातांतच आहे. फारियाचं म्हणणं याच्या नेमकं उलट होतं. आणि संमोहनाला जादूटोणा म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की बुवाबाजीविरुद्ध आयुष्यभर लढणारे श्याम मानवच महाराष्ट्रात स्वसंमोहनाची शिबिरं घेत आले आहेत.

दुसरा आक्षेप मला जास्त क्रूर वाटतो. "संमोहनाने कमी होतं, म्हणजे दुखणं मनाचंच." रात्र-रात्र जागणाऱ्या बाईला हे ऐकवणं म्हणजे तिला खोटं ठरवणं. १९९७ साली माँट्रियलच्या पिएर रेनव्हिल यांनी आपला अभ्यास 'सायन्स'मध्ये मांडला. निरोगी माणसांनी कढत पाण्यात हात बुडवला. संमोहनात त्यांना कधी वेदना अधिक असह्य वाटेल, तर कधी कमी असह्य वाटेल अशी सूचना दिली. पाण्याची धग तीच. स्पर्श आणि वेदना टिपणारा मेंदूचा भाग साधारण तसाच राहिला; असह्यपणाशी जोडलेला भाग मात्र सूचनेनुसार बदलला. वेदना खरी होती आणि बदलही खराच होता. नागिणीत होते तशी नसेला इजा झाली की दारात कुणी नसताना बेल वाजत राहावी तसे खोटे इशारे मेंदूकडे जात राहतात. संमोहन ती नस दुरुस्त करत नाही. त्या इशाऱ्याने उडणारा थरकाप ते कमी करू शकतं.

मग प्रत्यक्षात करतात काय? काकू खुर्चीत बसतात, श्वास संथ होतो. उपचारक सांगतो, उजवा हात बर्फाच्या पाण्यात आहे; आधी गार, मग बधिर, जाड हातमोजा चढवल्यासारखा. तो बधिरपणा मनात नीट उतरला, की हात हळूच दुखऱ्या जागेवर ठेवायचा आणि बधिरपणा तिकडे झिरपू द्यायचा. सगळं ऐकू येत असतं, नको वाटलं तर डोळे उघडता येतात. पुढे हे घरी, एकटीने, रोज करायचं. म्हणून मी याला शिकण्याचं कसब म्हणतो. ज्या दुखण्याने माणसाच्या हातून सगळंच काढून घेतलं, तिथे एक गोष्ट त्याच्या हातात परत येते, आणि हे थोडं नव्हे.

पुराव्याबद्दल शंका घेणाऱ्यांचं मी ऐकतो. अभ्यास बरेचसे लहान आहेत, नसांच्या दुखण्यावरचे तर त्याहून थोडे, आणि सगळ्यांना सारखा गुण येत नाही. पण याच न्यायाने पाहिलं तर नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्याही सगळ्यांना लागू पडत नाहीत; म्हणून त्या कुणी फेकून देत नाही. गोळीच्या जोडीला आणखी एक आधार मिळत असेल, तर तो नाकारण्यात कसला शास्त्रीय बाणा?

माझा खरा राग आहे तो "तीन बैठकींत मुळापासून बरं" अशा जाहिराती करणाऱ्यांवर. मधुमेहाने खराब झालेली नस सूचनेने बरी होत नाही. नवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, पाय लुळा पडणं ही संमोहनाची वेळ नव्हेच, तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं. ज्यांना भास होतात त्यांनी मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

तेव्हा आधी मुंबईतल्या केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत जाऊन निदान पक्कं करा. मग संमोहन शिकलेला डॉक्टर किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शोधा आणि त्याची पदवी बेधडक विचारा. प्रीगॅबालिन एकदम बंद केलं तर त्रास होतो. ते कमी करायचं ते डॉक्टरांच्याच सल्ल्याने. आणि पहिल्याच भेटीत जो म्हणेल "आता गोळ्या बंद करा", त्याच्यासमोरून उठा आणि घरी या.