रंगीत ठोकळा आणि खरे काँक्रीट

शिमला-मनालीच्या सहलीला निघालेली कितीतरी मराठी कुटुंबे वाटेत चंडीगडला एक दिवस थांबतात. सुखना तलाव, रॉक गार्डन, गुलाबांची बाग पाहून झाली की आईवडील कॅपिटॉल संकुलातल्या जगप्रसिद्ध इमारती बघायला जातात. मुले मात्र तोवर कंटाळलेली असतात आणि मोबाइलवरच्या खेळात डोके खुपसून बसतात. गंमत म्हणजे बाहेर काँक्रीटच्या इमारती उभ्या असतात आणि मुलाच्या हातातही बहुधा काँक्रीटच असते! कारण तो ‘माइनक्राफ्ट’ खेळत असतो. “ठेव तो मोबाइल!” असे ओरडण्याआधी तो कशाने काय बांधतो आहे, हे एकदा समजून घेतले तर?

खेळातला ठोकळा

‘माइनक्राफ्ट’ २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. दिवाळीत अंगणात मुले माती-दगडांचा किल्ला करतात ना, तसाच हा खेळ. सामान गोळा करायचे आणि मनात येईल ते उभारायचे. इथले बहुतेक सामान चौकोनी ठोकळ्यांचे. त्यात काँक्रीटचा ठोकळा २०१७ मध्ये आला.

त्याची कृती एखाद्या पाककृतीसारखी आहे. वाळूचे ४ ठोकळे, खडीचे ४ आणि रंगाची १ पुडी घेतली की काँक्रीटच्या भुकटीचे ८ ठोकळे मिळतात. रंग १६ प्रकारचे. ही भुकटी वाळूसारखीच असते. खालचा आधार काढला की कोसळते. पण पाण्याला तिचा स्पर्श झाला, की त्याच क्षणी तिचे टणक काँक्रीट होते. पावसाने मात्र होत नाही, त्यासाठी साठलेले किंवा वाहते पाणीच लागते. मग तो ठोकळा कुदळीशिवाय काढून घेता येत नाही आणि अधांतरी ठेवला तरी पडत नाही.

त्याचे गुण कोणते? तो लाकडासारखा किंवा लोकरीसारखा जळत नाही. त्याचा रंग सपाट आणि भडक असतो, म्हणून रस्ते, पाट्या, नव्या धाटणीची घरे यांसाठी मुले तो हौसेने वापरतात. दोष? स्फोटापुढे तो दगडाच्या मानाने कच्चा ठरतो. तेव्हा तटबंदी दगडाची आणि शोभा काँक्रीटची, हा हिशोब खेळता खेळता मुले आपोआप शिकतात. कोणती वस्तू कुठे वापरावी, याची ही जाण काही कमी मोलाची नाही.

खेळात काय नाही?

आता त्या कृतीकडे पुन्हा पाहा. वाळू आहे, खडी आहे, पाणी आहे. सिमेंट कुठे आहे? ते नाहीच! आणि खऱ्या काँक्रीटचा जीव तर सिमेंटमध्येच असतो.

पुष्कळांना वाटते की काँक्रीट वाळून घट्ट होते. हा समज चुकीचा आहे. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते, तिच्यातून बारीक स्फटिक तयार होतात आणि ते वाळू-खडीला एकमेकांशी जखडून टाकतात. ही क्रिया क्षणात संपत नाही, आठवडेच्या आठवडे चालते. तेवढा काळ ओल टिकली नाही, तर ती अर्धवट राहते आणि काँक्रीट कायमचे अशक्त होते.

शिवाय काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या घालाव्या लागतात आणि तो पुरेसा बळकट होईपर्यंत खालून सेंटरिंगचा आधार ठेवावा लागतो. अधांतरी राहणारे काँक्रीट फक्त खेळातच असते.

चंडीगड कसे उभे राहिले?

हे सारे मुलाला दाखवायला चंडीगडइतकी चांगली जागा नाही. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला नवी राजधानी हवी झाली. वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए यांनी उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभा या इमारती काँक्रीटमध्ये बांधल्या आणि त्यांवर गिलावा न करता ते उघडेच ठेवले. जवळून पाहिले की साच्याच्या फळ्यांचे ठसे आजही दिसतात. दर्शनी भागातले खोल कप्पे शोभेसाठी नाहीत. तिथल्या कडक उन्हाला खिडकीबाहेरच अडवण्यासाठी ते आहेत. यंत्रे बेताचीच असल्यामुळे बरेचसे काँक्रीट मजुरांनी, त्यातही बायकांनी, डोक्यावरच्या घमेल्यांतून वर नेले. २०१६ मध्ये युनेस्कोने या संकुलाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पण चंडीगडची घरे? पिअर जेनरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांनी आखलेली सरकारी निवासस्थाने मुख्यतः विटांची आहेत. सिमेंट आणि पोलाद महाग होते, वीट जवळच मिळत होती. जिथे गरज तिथे काँक्रीट, बाकी ठिकाणी वीट. खेळातल्या मुलाचा हिशोब तोच, नाही का?

तिथले रॉक गार्डन तर या खेळाचे खरेखुरे रूपच म्हणावे. बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा असे टाकाऊ सामान गोळा करून सिमेंटमध्ये बसवायला सुरुवात केली. हे काम ते सुमारे १८ वर्षे गुपचूप करत होते. १९७६ मध्ये बाग लोकांसाठी उघडली आणि १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बोटाच्या एका टिचकीने यातले काहीच झाले नाही.

आपल्या घरासाठी

ही सगळी माहिती केवळ मुलाला सांगण्यापुरती नाही. घर बांधताना आपण मोठी माणसेही ‘झटपट काँक्रीट’च्या मोहात पडतो. रंग, फरशी, नळ यांवर महिनाभर चर्चा होते, पण स्लॅबवर पाणी कोण मारणार, हे कोणी विचारत नाही. पुढे तोच स्लॅब तडकतो, गळतो आणि आयुष्याची पुंजी घातलेल्या घरात पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागतात. म्हणून एवढे लक्षात ठेवा:

भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस सतत ओले ठेवावे लागते, कडक कोरड्या हवेत किमान १० दिवस. राख किंवा मळी मिसळलेले सिमेंट असेल तर १४ दिवस ठेवणे चांगले. स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून पाणी साठवावे, खांबांना ओले गोणपाट गुंडाळावे.

माल पातळ असला की पसरायला सोपा, म्हणून त्यात पाणी ओतत राहू देऊ नका. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ ते ३० लिटर पाणी पुरते. जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या सोडते.

आपल्या काँक्रीटचे ठोकळे तपासून घ्या. हो, इथेही ठोकळेच! १५ सेंटीमीटरचे घन साच्यात भरून पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून त्यांची ताकद मोजतात.

मुलाला हे पटवायचे असेल तर सुट्टीत एक प्रयोग करा. सिमेंट-वाळूचा सारखाच मसाला दोन कागदी पेल्यांत भरा. दुसऱ्या दिवशी एक उन्हात ठेवा, दुसरा आठवडाभर ओल्या फडक्यात गुंडाळा. मग दोन्ही खिळ्याने खरवडून पाहा. सिमेंटने कातडी आणि डोळे चुरचुरतात, म्हणून हातमोजे घाला आणि मसाला मोठ्यांनीच कालवा. उन्हातल्या ठोकळ्याची भुकटी सहज निघेल. ओल्यात ठेवलेला खिळ्याला दाद देणार नाही. एवढे पाहिल्यावर घराच्या स्लॅबवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे काम मुलाकडेच सोपवा. तो ते विसरणार नाही.