विश्लेषण : अमेरिकी संगीताची जन्मभूमी मिसिसिपी, मग कलाकार तिथून निघून का गेले?

मिसिसिपी राज्याच्या हद्दीत शिरताना महामार्गावरची पाटी ‘अमेरिकेच्या संगीताची जन्मभूमी’ म्हणून स्वागत करते. जेमतेम ३० लाख वस्तीच्या या राज्याचा दावा पोकळ नाही. पण ज्यांच्या नावावर तो उभा आहे, त्यांच्यातल्या अनेकांना पोटासाठी हेच राज्य सोडावे लागले होते.

यादीत कोण कोण?

‘कंट्री’ संगीताचे जनक मानले जाणारे जिमी रॉजर्स मेरिडियनचे. एल्विस प्रेस्ली यांचा जन्म १९३५ मध्ये टुपेलोत झाला. बी. बी. किंग, मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, सॅम कुक, बो डिडली आणि ऑपेरा गायिका लिओंटीन प्राइस हे सगळे याच राज्यातले. रॉबर्ट जॉन्सन अवघ्या २७ व्या वर्षी गेले. मागे राहिली २९ गाणी, पण त्यांवर गिटारवादकांच्या पिढ्या घडल्या.

ते का गेले?

ब्लूजचे मूळ डेल्टा भागातल्या कापसाच्या शेतांत आहे. तिथे कृष्णवर्णीय कुटुंबे बटईने शेती करायची. हिशेबाची वही मालकाकडे असल्याने वर्षभर राबूनही कर्ज फिटत नसे. जोडीला वर्णभेदाचे कायदे आणि झुंडबळीची भीती होतीच. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिणेकडची राज्ये सोडली.

मडी वॉटर्स त्यांपैकीच एक. १९४१ मध्ये लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी स्टोव्हॉल मळ्यावर त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा ते शेतमजूर होते. १९४३ मध्ये त्यांनी शिकागो गाठले. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून हाती विजेची गिटार आली आणि ब्लूजचा आवाजच बदलला. पुढे इंग्लंडच्या ‘रोलिंग स्टोन्स’ने आपले नाव त्यांच्याच गाण्यावरून घेतले.

पैसा कोणाला मिळाला?

खरी मेख इथे आहे. १९४६ मध्ये ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणे ध्वनिमुद्रित करणारे आर्थर क्रडप मिसिसिपीतल्या फॉरेस्टचे. १९५४ मध्ये तेच गाणे गाऊन एल्विस यांची कारकीर्द सुरू झाली. राज्य एक, गाणे एक. नशीब मात्र वेगळे. क्रडप यांच्या वाट्याला मानधन नावापुरतेच आले. शेतमजुरी करूनच त्यांनी संसार चालवला. १९७४ मध्ये ते गेले, तेव्हाही हक्काची रक्कम त्यांना मिळालेली नव्हती.

आता काय बदलले?

२००६ पासून ‘मिसिसिपी ब्लूज ट्रेल’ अंतर्गत जागोजागी माहितीफलक लागले. इंडियानोलात बी. बी. किंग यांचे, तर क्लीव्हलँडमध्ये ग्रॅमीचे संग्रहालय उभे राहिले. पर्यटक येतात, गावांत चार पैसे येतात. हे चांगलेच आहे.

पण अभिमानाची पाटी लावणे सोपे असते. त्याच पाटीवर ‘हे इथून का गेले’ हेही लिहावे लागते. ब्लूज ट्रेलच्या काही फलकांवर तुरुंग आणि स्थलांतराचा उल्लेख आहे, ही जमेची बाजू. कलाकार गेल्यावर गौरव करण्यापेक्षा तो हयात असताना त्याचा करार नीट वाचून दाखवणे आणि पैसे वेळेवर देणे, हा खरा सन्मान. क्रडप यांना पुतळा नको होता, मानधन हवे होते.